गुंज रुजत का नाही, आणि रुजली तर टिकत का नाही

मृगाचा पाऊस पडला की मला गुंजेचे, म्हणजे त्या लाल-काळ्या बियांच्या वेलीचे, फोन सुरू होतात. "पंचवीस बिया लावल्या होत्या. महिना उलटला, एक कोंब नाही." जुलैत सूर बदलतो: "आल्या होत्या हो, छान आल्या होत्या, पण चार दिवसांत सगळ्यांनी माना टाकल्या." फेब्रुवारी-मार्चमध्ये तिसरीच तक्रार: "वेल वाळली. काय चुकलं?" आणि अधूनमधून एखादा चिवट माणूस भेटतो, ज्याने तीन वर्षे वेल जगवलेली असते आणि तिला शेंग म्हणून धरलेली नसते.

दरवर्षी तेच प्रश्न आणि माझी तीच उत्तरे. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. चिपळूणकडे आमची वडिलोपार्जित जागा आहे आणि तिच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, गुंज आपसूक वाढते. तिला कोणी लावली नाही, पाणी घातले नाही, खत तर नाहीच. हीच गुंज पुण्यात गच्चीवर लावायला गेलो तेव्हा पहिली दोन वर्षे माझ्याही हाती काही लागले नाही. तिथे न लावता येते आणि इथे लावून येत नाही, याचा राग येऊन मी गडग्याजवळ बसून पाहायला लागलो. पुढचे बरेचसे त्या बसण्यातून आले आहे.

सुरुवात मात्र विषापासून करू. ते मागे ठेवण्यासारखे नाही.

गुंजेच्या बीमध्ये अब्रिन नावाचे प्रथिन असते. एरंडाच्या बीमध्ये रिसिन असते, त्याच जातकुळीतले. शरीरातल्या पेशींचे प्रथिने बनवायचे काम ते बंद पाडते. आयुर्वेदात गुंजेची गणना उपविषांत आहे आणि शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय ती औषधात घेत नाहीत, ते उगाच नाही. अख्खे, न फुटलेले बी गिळले तर कठीण कवचामुळे बहुतेक वेळा ते तसेच बाहेर पडते. पण चावलेले, भोक पाडलेले, घासलेले किंवा भिजून मऊ झालेले बी धोक्याचे. आणि आपण रुजवण्यासाठी नेमके तेच करणार आहोत: घासणार आणि भिजवणार. घरात रांगते मूल असेल, तोंडात काहीही घालणारे कुत्र्याचे पिल्लू असेल, तर हा खेळ दोन-चार वर्षे पुढे ढकला. मी माझ्या बहिणीला सरळ नाही म्हणून सांगितले, तिला राग आला, येऊ दे. कोणी बी चावलेच तर त्रास व्हायची वाट पाहू नका. उलट्या, जुलाब, रक्त पडणे ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुरू होतात आणि या विषावर खास असा उतारा नाही. बीचा नमुना बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठायचा.

आता रुजण्याकडे.

पहिला प्रश्न मी सगळ्यांना विचारतो तो हा, की बी आणले कुठून? अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. पूजासाहित्याच्या दुकानातली गुंज किती जुनी आहे हे दुकानदारालाही माहीत नसते. माळेतून सोडवलेल्या बीला आरपार भोक असते आणि सुई आतल्या गर्भातून गेलेली असते. ते बी रुजत नाही, कुजते. काही ठिकाणी रंगवलेले मणीही गुंज म्हणून खपवतात. स्पिरिटचा बोळा फिरवला की रंग सुटतो. आणि सगळ्यांत जास्त घोटाळा रतनगुंजेचा. तिचे बी पूर्ण लाल, चपटे, भिंगासारखे, काळा डोळा नसलेले, आणि गुंजेपेक्षा मोठे. चार बिया मिळून साधारण एक ग्रॅम भरतात. ते झाड आहे, चांगले उंच वाढणारे. एका गृहस्थांनी बाल्कनीच्या गजाशी रतनगुंज लावली आणि वेल वर का चढत नाही म्हणून वर्षभर वाट पाहिली. खऱ्या गुंजेला एका टोकाला काळा डोळा असतो आणि उरलेले बी शेंदरी-लाल. पांढरी गुंजही असते. पण काळ्या डोळ्याशिवायचे मोठे लाल बी दिसले तर ती ही नव्हे.

बी खरे आहे, अख्खे आहे, यंदाचे आहे आणि तरी रुजत नाही. इथे सोनाराकडे जावे लागते.

सोनार पूर्वी सोने गुंजेच्या बियांनी तोलत. आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. तोळ्याला ९६ गुंजा. १८३३ मध्ये इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम, त्याला ९६ ने भागले तर एक गुंज ०.१२ ग्रॅमच्या आसपास येते. आता एवढ्या धान्यांतून, एवढ्या बियांतून सोन्यासारख्या जिनसासाठी हेच बी का निवडले असेल? तांदळाचा दाणा का नको? आमच्या आळीतल्या सोनारकाकांना मी हे लहानपणी विचारले होते. ते म्हणाले, "तांदूळ पावसाळ्यात पाणी पितो. गुंज पीत नाही." तेव्हा ते नुसते ऐकून घेतले. अर्थ कळला तो गच्चीवर दोन वर्षे हरल्यावर.

गुंजेचे कवच पाणी आत घेत नाही. बाहेर हवा दमट असो की कोरडी, बीच्या आतला ओलावा तसाच राहतो, म्हणून वजनही तसेच राहते. सोनाराला हा गुण हवाच होता. आणि याच गुणामुळे तुमच्या कुंडीतले बी महिनाभर ओल्या मातीत खड्यासारखे पडून आहे. ते मेलेले नाही. त्याला पाऊस पडला हेच अजून कळलेले नाही. मातीत बोट घालून बी वर काढा: जसे लावले तसेच टणक, चकचकीत असेल तर खत, औषध, देवाची प्रार्थना यांपैकी कशाचाही उपयोग नाही. कुलूप उघडायला हवे.

(सगळ्या गुंजा वजनाला सारख्या असतात असे म्हणतात, ते काही खरे नाही. एकाच वेलीवरच्या दहा बिया बारीक काट्यावर एकेक करून ठेवल्या तर फरक दिसतो. सोनारकाका डबीतल्या गुंजा मूठभरातून निवडून, एकमेकींशी ताडून ठेवत. बी स्वतःच्या वजनाला पक्के, पण शेजारणीशी जुळेलच असे नाही.)

कुलूप उघडण्याआधी एक चाचणी करा. सगळ्या बिया रात्रभर साध्या पाण्यात टाका. सकाळी विसातल्या एक-दोन फुगलेल्या सापडतील. त्यांच्या कवचाला आधीच कुठेतरी फट असते. त्या तशाच लावा. उरलेल्या कोरड्या पुसून पुढच्या कामाला घ्या.

पुढचे काम म्हणजे कवचाला एका जागी खरडणे. सुताराकडच्या काचपेपरचा लहानसा तुकडा घ्या, तो पाण्यात भिजवा, बी पकडीत धरा (पकडीच्या दातांना फडके गुंडाळा, नाहीतर बी सटकून पलंगाखाली जाते आणि मग विषारी बी शोधत बसा) आणि काळ्या डोळ्याच्या बरोब्बर उलट्या टोकाला, लाल बाजूवर घासा. काळ्या भागातच बीची नाभी असते, म्हणजे शेंगेला ते जिथे चिकटलेले असते ती जागा, आणि मूळ तिथूनच जवळ फुटते. तिकडे घासले की गर्भ दुखावतो. लाल रंग जाऊन खालचा फिकट भाग टाचणीच्या डोक्याएवढा दिसला की थांबा. अधिक घासण्याची हौस नको.

काचपेपर ओला ठेवायचा तो पूड उडू नये म्हणून. हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे करू नका आणि जुन्या वर्तमानपत्रावर केलेत तर तो कागद लगेच गुंडाळून कचऱ्यात टाका. मिक्सर, खलबत्ता, चाकू यांची नावेही काढू नका. नेलकटरने टवका उडवता येतो, पण टवका कुठे उडतो ते दिसत नाही. करायचेच असेल तर हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून करा, आणि तो नेलकटर पुन्हा नखांना लावू नका.

घासलेल्या बिया कोमट पाण्यात ठेवा. बारा तासांत, फार तर चोवीस तासांत बी जवळपास दुप्पट फुगते, लाल रंग फिका पडतो, साल सैल होते. फुगले ते लावायला घ्या. न फुगलेल्या बियांचे कवच अजून पुरते कापलेले नाही. पुन्हा जरा घासून पुन्हा भिजवा. पण फुगलेले बी दोन-दोन दिवस पाण्यात ठेवू नका, त्याला वास मारायला लागतो. ते पाणी बेसिनमध्ये न ओतता बागेत, माणसे-जनावरे जात नाहीत अशा कोपऱ्यात ओता आणि हात साबणाने धुवा.

गरम पाण्याची युक्ती अनेकजण सांगतात. पाणी उकळायचे, गॅस बंद करून मिनिटभर थांबायचे, बियांवर ओतायचे आणि रात्रभर तसेच निवू द्यायचे. काही बिया उघडतात, काही शिजतात, काहींना काहीच होत नाही. दोनशे बिया असतील तर करून पाहा, दहाच असतील तर काचपेपरच बरा. प्रयोगशाळेत गंधकाच्या तीव्र आम्लात बुडवतात. घरी आम्ल आणू नका. एवढेच.

मग रानात कोण काचपेपर घेऊन फिरतो? कोणी नाही. बी उन्हात तापते, रात्री निवते, पुन्हा तापते. कातळाच्या भुकटीत घासले जाते, पाण्याच्या लोंढ्याबरोबर दगडांवरून घरंगळते. कधीतरी कवचात बारीकशी फट पडते. एका वेलीखाली पडलेल्या बिया म्हणून एकाच वर्षी उगवत नाहीत. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही आणखी कधीतरी. यात गुंजेचा फायदाच आहे. आपल्याकडे वळवाची जोरदार सर येते आणि मग पंधरा दिवस ऊन. त्या एका सरीला फसून सगळ्या बिया उगवल्या असत्या तर सगळी पोरे त्या पंधरा दिवसांत करपली असती.

उगवली, आणि आठवड्यात कोलमडली

आधी नीट बघा की रोप कोलमडले आहे की खाल्ले आहे. मातीलगत देठ दोऱ्यासारखे बारीक, पाणचट झाले असेल तर बुरशी. देठ स्वच्छ तुटलेले आणि आसपास चकाकणारी रेघ असेल तर गोगलगाय. गोगलगाईला रात्री टॉर्च घेऊन वेचणे हाच उपाय मला जमला आहे.

बुरशी मात्र आपणच बोलावतो. बहुतेकजण गुंज नारळाच्या भुश्यात किंवा निव्वळ गांडूळखतात लावतात, कारण बाकीची रोपे त्यात चांगली येतात. वर रोज पाणी. टोमॅटोला हे चालते. गुंजेला भुसभुशीत, पण पाणी धरून न ठेवणारी जागा लागते. मी निम्मी साधी लाल माती, निम्मी जाडसर वाळू आणि वर मूठभर कुजलेला पाला घेतो. वाळूऐवजी जांभ्याची भरड मिळाली तर सोन्याहून पिवळे. बी सेंटीमीटरभर, फार तर दीड सेंटीमीटर खोल. एकदा पाणी दिले की वरचा थर सुकलेला दिसेपर्यंत पुन्हा नाही. फुगवून लावलेले बी एक-दोन आठवड्यांत वर येते. एकदा कोलमडलेले रोप वाचत नाही, त्याच्यावर औषधे मारण्यात वेळ घालवू नका. पुढच्या बियांची माती बदला.

कोकणात एक वेगळी अडचण आहे. तिथे जूनच्या शेवटी पाऊस धो धो कोसळतो आणि उघड्यावरच्या कोवळ्या रोपाचा चिखल होतो. तिथे मे महिन्याच्या मध्यावर पिशवीत बी लावून पडवीच्या कडेला ठेवा, म्हणजे पाऊस धरेपर्यंत रोपाला चार-सहा पाने आलेली असतात. पुण्या-नाशिककडे जूनमध्ये लावलेले चालते.

पिशवी उंच घ्या, आठ-दहा इंचांची. गुंजेचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि त्याला वळण पडले, तुटले की रोप महिनोन्महिने रुसून बसते. जमिनीत लावायची असेल तर सरळ जागेवरच दोन-तीन फुगलेल्या बिया टोचा आणि नंतर एक ठेवा. शक्य असेल तर रानातल्या गुंजेखालची ओंजळभर माती आणून त्या खड्ड्यात मिसळा. ही शेंगवर्गातली वेल, हवेतला नत्र पकडणारे जिवाणू मुळांवरच्या गाठींत राहतात. ओळखीचे जिवाणू ओळखीच्या मातीत लवकर भेटतात.

ती राहते कुठे, ते एकदा पाहा

पुढच्या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे: आपण गुंजेला बागेतली वेल समजतो. ती वईतली, म्हणजे काटेरी कुंपणातली, वेल आहे.

आमच्याकडचा गडगा म्हणजे जांभ्या दगडांची कोरडी रचलेली भिंत, कमरेएवढी. दगडांच्या फटींत माती किती असेल? पसाभर. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, पण पाणी फटींतून क्षणात निघून जाते. ऑक्टोबरनंतर थेंब नाही. गुंजेचे मूळ या गडग्याच्या पायथ्याशी, दगडांच्या सावलीत, थंडाव्यात. आणि शेंडा गडग्यावरच्या करवंदीवर, तोरणीवर, निवडुंगावर चढून भर उन्हात. डोके उन्हात आणि पाय सावलीत, हे तिचे सगळे गणित. दाट जंगलाच्या पोटात ती मला कधी दिसली नाही; जंगलाच्या कडेला, पाणंदीला, देवराईच्या बाहेरच्या अंगाला, शेताच्या बांधावरच्या जाळीत हमखास दिसते. घाटावर कोरड्या पानगळीच्या रानातही तीच रीत, फक्त करवंदीच्या जागी बोर-बाभूळ आणि हिवर. तिला स्वतःचे खोड असे फारसे नाही, जाड दोरी म्हणा. जून झाल्यावर बुंध्याशी लाकडासारखी कठीण होते, पण उभी राहायला कोणाचा तरी आधार लागतो, आणि तो आधार काटेरी असला तर उत्तम, म्हणजे शेळ्या शेंड्यापर्यंत पोचत नाहीत.

म्हणूनच हल्ली ती कमी दिसते असे मला वाटते. गुंज काही दुर्मीळ झालेली नाही. पण पाणंदीचा रस्ता रुंद झाला, वई जाऊन सिमेंटचे खांब आणि तारा आल्या, बांध पेटवून साफ करायची सवय लागली. तारेवरही गुंज चढते, मी पाहिले आहे. फक्त तारेच्या पायथ्याशी सावली नसते, आणि दरवर्षी कोणीतरी तणनाशक मारून जातो.

तेव्हा कुंडीत लावणार असाल तर कुंडीचे तोंड दगडांनी किंवा पाल्याने झाका आणि ती कुंडी दुसऱ्या कुंड्यांच्या आडोशाला ठेवा. शेंडा मात्र ग्रिलवर, उन्हात जाऊ द्या. माझी गच्चीवरची गुंज यानंतरच हलली.

फेब्रुवारीत वेल वाळली

वाळली नाही, झोपली. गुंज पानझडी आहे. पावसाळ्यात हिरवीगार, थंडी सरता सरता पाने पिवळी पडून गळतात आणि उरते ती नुसती दोरी आणि तिच्यावर उकललेल्या शेंगा. रानात गुंज नजरेत भरते ती याच दिवसांत: हिरवे काही नाही आणि करड्या जाळीत लाल ठिपके. शेंग तडकून तिची दोन दले मागे वळतात आणि बिया लगेच न पडता त्यांना चिकटून राहतात, दागिन्याच्या दुकानात मांडल्यासारख्या. पाखराला वाटावे फळच आहे. गर मात्र काही नाही.

गच्चीवरचे लोक या वेळी घाबरतात आणि पाणी वाढवतात. झोपलेल्या मुळांना रोज पाणी मिळाले की ती खरोखरच कुजतात, आणि मग मृगात फूट येत नाही. "बघा, मेलीच होती ना?" नव्हती, मार्चमध्ये जिवंत होती. नखाने बुंध्याची साल किंचित खरवडा. खाली हिरवे दिसले तर तिला सोडून द्या. जमिनीत असेल तर उन्हाळ्यात पाणी नाही दिले तरी चालते, कुंडीत असेल तर आठवड्याला एखादे तांब्याभर. पहिल्या वर्षाचे रोप मात्र अपवाद, त्याला उन्हाळा काढायला थोडा हात द्यावा लागतो. आणि वाळकी दोरी "साफसफाई" म्हणून बुंध्यापाशी कापू नका, पुढची फूट बऱ्याचदा त्याच दोरीवरून येते.

उन्हाळ्यात नव्हे, ऐन पावसाळ्यात संध्याकाळी पाने मिटलेली दिसली तरी तो रोग नाही. चिंचेसारखीच हिचीही दले रात्री मिटतात. हा फोनही मला येतो.

तीन वर्षे झाली, शेंग नाही

आधी खात्री करा की फुले आलीच नव्हती. गुंजेची फुले दिखाऊ नसतात: फिकट गुलाबी-जांभळट, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची पण इवलीशी, जाडसर दांडीवर दाटीने आणि पानांआड. पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. घाईच्या माणसाला ती दिसतच नाहीत. (दिसली तर एखादे उकलून पुंकेसर मोजा. वाटाणा-घेवड्याच्या फुलात दहा असतात, गुंजेच्या फुलात नऊ. दहावा कुठे गेला कोण जाणे.)

खरोखरच फुले आली नसतील तर बहुतेक वेळा ऊन कमी पडते. दोन तासांचे सकाळचे ऊन पाने जगवते, फुले आणत नाही. दुसरे कारण खत. शेणखत, जीवामृत, वर मूठभर युरिया घातलेली वेल काळपट हिरवी, लांबच लांब वाढते आणि फुलत नाही. तिला फुलायची निकडच वाटत नाही. माझ्याकडच्या वेली दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात फुलल्या, त्याआधी अपेक्षा नको. तिसरे कारण कात्री. ग्रिल नीटस दिसावी म्हणून ऑगस्टमध्ये शेंडे छाटले की त्या वर्षीची फुले गेली.

कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो आणि मुंग्या त्याची राखण करतात. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला की पुरते. शेंगा येतात त्या दोन-चार सेंटीमीटर लांब, टोकाला चोच असलेल्या, प्रत्येकीत तीन-पाच बिया. शेंग पिवळी पडली की ती तडकण्याआधी काढून डबीत ठेवा. मुलांच्या हाताशी येईल अशा उंचीवर उकललेली शेंग राहू देऊ नका.

पाला गोड लागत नाही

हा प्रश्न विडा खाणाऱ्यांचा. पानवाल्याकडे विड्यात घालतात तो गुंजेचा पाला, आणि त्याची गोडी साखरेची नाही. पानांतच अब्रुसोसाइड नावाची द्रव्ये असतात, साखरेच्या कितीतरी पट गोड. चावल्यावर गोडी जरा उशिरा येते आणि घशात रेंगाळते, जेष्ठमधासारखी. पानवाले म्हणतात की पांढऱ्या गुंजेचा पाला जास्त गोड. मी चाखून पाहिले, मला तरी ठामपणे सांगता येणार नाही. सावलीतल्या, भरपूर पाणी प्यायलेल्या वेलीचा पाला मात्र मला मचूळ लागला. पाला तोडताना त्यात शेंग किंवा बी येत नाही ना, हे डोळ्यांनी बघा. बाकी घसा बसला, खोकला झाला यासाठी किती पाला आणि कसा, हे वैद्याला विचारा, मला नको.

अमेरिकेतून, विशेषतः फ्लोरिडातून कोणी विचारत असेल तर उत्तर वेगळे आहे. तिथे गुंज बाहेरून आलेली आहे आणि रानात शिरून स्थानिक झाडांवर पसरणारी उपद्रवी वेल म्हणून गणली जाते. आपल्या वईत जी शहाण्यासारखी राहते तीच तिकडे मोकाट सुटते. आजोळची आठवण म्हणून बिया सामानात टाकून नेऊ नका. परवानगीशिवाय बियाणे नेता येत नाही, हा भाग आणखी वेगळा.

एक प्रश्न राहिला, दरवर्षी कोणीतरी विचारतेच: "रानातली तयार वेलच खणून आणली तर?" नाही जगत. सोटमूळ दगडांत हातभर गेलेले असते, ते तुटल्याशिवाय निघत नाही. मी स्वतः दोनदा तोडले आहे, म्हणून सांगतो. जानेवारीत जा, उकललेल्या शेंगांतल्या पाच-सात बिया घ्या, बाकीच्या तिथेच राहू द्या. येताना पिशवीत तिथली ओंजळभर माती आणि जांभ्याचे दोन-चार तुकडे आणा, कुंडीचे तोंड झाकायला. काचपेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. शंभर नंबरचा मागा.